हनुवटीवाल्याचं मांजर

एक गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, बाबा होते तोवर बाबांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या आईलाही नाही. महायुद्धानंतरच्या काळात अर्ध्या जगातल्या मुली ज्याच्यापायी वेड्या झाल्या होत्या असा एक अमेरिकन नट मांजरांना घाबरायचा, ही माहिती खोटी आहे. ती मी बनवली. तेव्हा मी सातवीत होतो, कावासाकीत राहत होतो आणि माझ्या तोंडात चिवड्याचा बकाणा होता.

वाचणाऱ्याला हसू येईल. माणसं चाळिशी-पन्नाशीत कबुलीजबाब लिहायला बसतात ते काहीतरी दांडगं केलेलं असतं म्हणून, आणि हा मांजराचं काय घेऊन बसलाय! पण ह्या एवढ्याशा थापेमुळे माझ्या आईच्या जपानमधल्या एकुलत्या एक मैत्रिणीला भर सभेत मान खाली घालावी लागली. त्या दिवशी मी तिथेच, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो आणि खरं काय ते ठाऊक असलेला सबंध खोलीत मी एकटाच होतो.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी इतकी अरुंद की आईची साडी वाळत घातली की माणसाला जागा उरत नसे. खाडीच्या बाजूला कारखान्यांची धुराडी दिसायची. संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यावर एक संथ धून वाजे, म्हणजे पोरांनी घरी जावं. मग टोफूवाला पिपाणी वाजवत सायकलवरून जाई, आणि थंडीत भाजक्या रताळ्यांची गाडी लांबट हेल काढत येई. आई सुरुवातीला ह्या आवाजांवरच दिवस काढायची. बाबा सकाळी ऑफिसला जात ते रात्रीच येत, मी शाळेत, आणि तिला जपानीतलं ‘आरिगातो’ म्हणजे आभार, एवढं सोडून काही येत नव्हतं. पुण्यात दिवसभर बोलणारी बाई. इथे ती इतकी गप्प झाली होती की मी शाळेतून आलो की तिचा पहिला शब्द घोगरा निघायचा. मला मात्र वर्षभरात भाषा आली होती. पोरांना येते तशी, मैदानावरची. बेसबॉलचे शब्द, शिव्या, खाण्यापिण्याचे पदार्थ हे सगळं झकास यायचं. मोठ्या माणसांचे शब्द मात्र नव्हते, आणि ते नाहीत हे कबूल करायची तयारी तर मुळीच नव्हती.

इशिदासान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत इशिदाबाई, तळमजल्यावर राहायच्या. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, केस कानापाशी सरळ कापलेले. त्यांची-आमची ओळख कचऱ्यामुळे झाली. तिथे जळणारा कचरा एका दिवशी नि बाटल्या दुसऱ्या दिवशी टाकायच्या असतात; आईनं जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्यांची पिशवी बाहेर ठेवली होती, आणि इशिदासान ती पिशवी दोन्ही हातांत, एखादी भेटवस्तू द्यावी तशी धरून वर आल्या. वाकून वाकून काहीतरी सांगत होत्या. आई शरमेनं लाल होऊन ‘सॉरी सॉरी’ म्हणत होती. मागे आमचा टीव्ही चालू होता. दुपारचा जुना अमेरिकन सिनेमा, जपानी आवाज चढवलेला. आईला त्यातलं अक्षर कळत नसे, पण चेहरे बघायला ती लावून ठेवायची. पडद्यावर तो आला. इशिदासाननं आईच्या खांद्यावरून आत पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि आपल्या हनुवटीच्या मधोमध बोट रुतवलं. त्या नटाच्या हनुवटीला तिथे खळी होती. आईनं क्षणभर बघितलं आणि आपल्याही हनुवटीत बोट रुतवलं. दोन बायका दारात, मध्ये कचऱ्याची पिशवी, आणि दोघींची बोटं हनुवटीला. मी दप्तर घेऊन जिना चढत होतो. मला वाटलं, आई गेली कामातून.

आईचं माहेर पुण्याच्या कॅम्पातलं. आजोबांचं रद्दीचं दुकान होतं. लष्करी साहेबांच्या बंगल्यांवरून सिनेमाची अमेरिकन मासिकं वजनावर येत, आणि पुड्यांसाठी ती फाडली जायच्या आधी आई ती वाचून काढायची. बऱ्याचदा आधीच फाडलेली असत. त्यामुळे आईला असंख्य नटनट्यांच्या असंख्य गोष्टी ठाऊक होत्या, पण अर्ध्याच. ‘ती रोज सकाळी उठून सर्वांत आधी…’ आणि पान संपलं. ‘दिग्दर्शकाने त्याला तीन दिवस उपाशी ठेवले, कारण…’ आणि पुढच्या पानात कुणाच्या तरी घरी शेंगदाणे गेले. इशिदासाननं ते सिनेमे लढाईनंतर योकोहामात पाहिले होते. दोघी बहिणींत धड बुटांचा एकच जोड होता. ज्या दिवशी जिच्या पायात बूट, ती थेटरात जायची आणि घरी येऊन दुसरीला सबंध सिनेमा सांगायची. “अर्धे सिनेमे मी पाहिले आणि अर्धे ऐकले,” असं त्या म्हणत. त्यांना गोष्टी आठवत त्या खाण्याच्या. अमुक सिनेमात फ्रिजच्या दारात दुधाच्या किती बाटल्या होत्या, तमुक नायिकेनं अर्धा केक तसाच टाकून दिला तेव्हा थेटरातले सगळे कसे एकदम उसासले. आईचं पान जिथे फाटलेलं असे तिथून पुढचं पुष्कळदा त्यांना ठाऊक असे.

नटांची नावं मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती कधी घेतलीच गेली नाहीत. आई घ्यायची ती नावं इशिदासानना कळत नसत, आणि त्या घ्यायच्या ती तर कोणत्याच माणसाची वाटत नसत. माझंच नाव मिलिंदचं ‘मिरिंदो’ झालं होतं, तिथे त्यांची काय कथा! म्हणून दोघींनी खुणा ठरवल्या. हनुवटीत बोट म्हणजे हनुवटीवाला. एक भुवई वर म्हणजे भुवई. डोक्यावरची नसलेली टोपी बोटानं मागे सारली की टोपी. एक होता त्याच्यासाठी दोघी हात उंच करून छताकडे बघायच्या, तो ताडमाड. आणि खुणेनंतर जी गोष्ट यायची तिच्यासाठी मध्ये मी.

थंडीत आमच्या बैठ्या टेबलाखाली हीटर असे, वरून रजई. तिघंही कमरेपर्यंत आत सरकून बसायचो. इशिदासान संत्री आणायच्या, कधी मुळ्याचं लोणचं. आईचे पोहे पहिल्याच महिन्यात संपले होते, तेव्हा ती सुपरमार्केटातल्या नाश्त्याच्या मक्याच्या पोह्यांचा चिवडा करायची. एकदा चुकून साखर लावलेले आले तर तेही तसेच फोडणीला टाकले. त्यावरून तिला आठवलं: जुन्या अमेरिकन सिनेमांत बर्फ म्हणून रंगवलेले मक्याचे पोहेच उडवायचे. बोलपट आले तेव्हा पायाखाली करकर वाजायला लागले म्हणून बंद करावं लागलं. मी ते नीट सांगितलं, कारण त्यातले सगळे शब्द मला येत होते. इशिदासाननं मुठीतला चिवडा डोक्यावर धरून हळूहळू खाली सोडला आणि गारठल्यासारख्या कुडकुडल्या. आई हसली. जपानमध्ये ती तशी, पोट धरून, पहिल्यांदाच हसली असेल. रात्री बाबांना गालिच्यात मोहरी सापडली.

अडचण शब्दांची होती. त्या मासिकांत घटस्फोट फार. मला जपानीत घटस्फोट येत नव्हता. पहिल्या वेळी मी म्हणालो, “मग तो दुसऱ्या घरात राहायला गेला.” इशिदासान म्हणाल्या, “हो का!” पुढच्याचंही तेच. तिसऱ्याचंही. काही दिवसांनी त्यांनी कौतुकानं विचारलं, “अमेरिकेत नटांना किती घरं रे असतात?” मी म्हणालो, “पुष्कळ.” आईनं विचारलं, “काय म्हणतात?” मी म्हणालो, “वाईट वाटलं त्यांना.” इतकं सोपं होतं ते. दोन माणसांच्या मधोमध बसलेल्याला कोणी पकडू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग मांजर आलं. आई हनुवटीवाल्याची गोष्ट सांगत होती, की सेटवर तो मोठा धीट म्हणून मिरवायचा, पण एका गोष्टीला मात्र… आणि तिथे तिचं पान फाटलेलं होतं. ती कपाळाला हात लावून आठवायला बघत होती तेवढ्यात इशिदासाननं तिच्यापुढे आणखी एक संत्रं सरकवलं. आई आपल्या नादात म्हणाली, “नको नको.” आता जपानीत नेको म्हणजे मांजर. इशिदासान थबकल्या. “नेको? मांजराचं काय?” खरं तर एवढंच सांगायचं होतं, की आमच्या भाषेत ह्याचा अर्थ पुरे. पण तोंडात चिवडा होता, गोष्ट रंगात आली होती, आणि त्या दोघी माझ्याकडे अशा टक लावून बघत होत्या की बस्स. मी गिळलं आणि म्हणालो, “घाबरायचा मांजराला. मांजर दिसलं की सेटवर पाऊल ठेवायचा नाही.”

इशिदासान हसता हसता रजईवर आडव्या झाल्या. “एवढा थोरला गडी!” त्यांनी हनुवटीत बोट रुतवून दुसऱ्या हातानं मिशा काढल्या आणि घाबरून डोळे वटारले. आईनं त्यांचं बघून हसायला सुरुवात केली. “काय रे, एवढं काय झालं?” मी म्हणालो, “आवडली त्यांना गोष्ट.”

त्यानंतर मी सुटलोच. सगळंच खोटं बोलत होतो असं नाही. पण एखादी गोष्ट मिळमिळीत निघाली की तिला फोडणी द्यायचो. भुवई आपल्या चपला स्वतः शिवते, हे माझं. टोपीचा घोडा रविवारी काम करत नसे, हेही माझं. आईकडून इकडे, त्यांच्याकडून तिकडे. दोघी हसायच्या, दोघी मला खाऊ सरकवायच्या. आज मागे वळून बघतो तेव्हा लाज वाटते, आणि लाजेच्या शेजारीच त्या दुपारींबद्दलची कृतज्ञताही असते. ती नाकारली तर तेही खोटंच होईल. त्या दुपारींनी आईला आवाज परत दिला. ती एकटी बाजारात जायला लागली, मासळीवाल्याशी खुणांनी भांडायला लागली. मला बेसबॉलच्या पलीकडची भाषा मिळाली. मोठी माणसं वाक्याचा शेवट कसा सैल सोडतात, ‘नाही’ न म्हणता नाही कसं म्हणतात, हे मी त्या रजईत शिकलो. शाळेच्या कोणत्याही पुस्तकात ते नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं म्हणजे त्या पिढीतले नट एकेक करून जाण्याची वर्षं. बातमी यायची, इशिदासान वर यायच्या, दारातच खूण करायच्या आणि हात जोडायच्या. मग चहा, मग त्या माणसाच्या सगळ्या गोष्टी पुन्हा एकदा. बाबा घरी आले की आईचा चेहरा बघून विचारायचे, “आज कोण?”

“ताडमाड गेला हो.”

“अरेरे. सुतक किती दिवसांचं? जेवायला मिळेल ना?”

“तुम्हाला नाही कळायचं. तुमचं एक ते सर्किट, नि एक ते सोल्डरिंग.”

“बाई गं, त्या सोल्डरिंगवर तुझा चिवडा चाललाय,” असं म्हणत बाबा मुकाट्यानं स्वतःच ताट वाढून घ्यायचे.

मग एका वसंतात हनुवटीवाला गेला. आमच्या मोहल्ल्याच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी म्हातारी मंडळी जमून जुना सिनेमा बघत, आणि आधी कोणीतरी दोन शब्द बोले. बोलणारे नेहमी पुरुषच. ह्या वेळी त्यांनी इशिदासानना विचारलं, आणि असंही म्हणाले की लोकांना आवडलं तर पुढे दर महिन्याला तुम्हीच बोला. त्या आमच्याकडे हे सांगायला आल्या तेव्हा जिना चढून आल्यासारखा नव्हे, पळून आल्यासारखा दम लागला होता त्यांना. त्यांचे यजमान हयात असताना सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचं काम समजत. जन्मात त्या चार माणसांसमोर उभ्या राहून बोलल्या नव्हत्या. आठवडाभर आमच्या घरी त्यांची तालीम चालली; आई श्रोते, आणि मी आईच्या कानात. शेवटच्या तालमीला त्या म्हणाल्या, “मांजराची गोष्ट सांगणार आहे. लोक हसतील, मग माझी भीती जाईल.” आईला मी म्हणालो, “शेवटी एक गंमत सांगणार आहेत.”

त्या रविवारी आईनं मोरपंखी साडी नेसून वर कोट घातला आणि डबाभर चिवडा घेतला. घड्या घालायच्या खुर्च्या, पुढे पडदा, मागे चहाचा मोठा थर्मास आणि पाण्याची किटली. इशिदासान करड्या पोशाखात. सुरुवातीला आवाज कापत होता. मग त्यांनी एका बुटाच्या जोडाची गोष्ट सांगितली आणि सभागृह असं शांत झालं की मागच्या पाण्याच्या किटलीचा आवाज ऐकू यायला लागला. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. त्यांच्या घरीही बहुधा एकच जोड असावा. इशिदासान सरळ उभ्या राहिल्या. त्या मला एकदम उंच वाटल्या. मग म्हणाल्या, “आता एक अशी गोष्ट जी इथे कोणालाच माहीत नसेल. ही मला माझ्या भारतीय मैत्रिणीनं, साळवीसाननी सांगितली.” आणि त्यांनी मांजर सांगितलं. मिशांसकट.

लोक हसले. तेवढ्यात मोरीसान म्हणून एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर होते, ते उठले. माणूस सभ्य, टोचायचा हेतू नव्हता. “माफ करा,” ते म्हणाले, “पण माझ्या आठवणीत उलट आहे. तो खांद्यावर मांजर घेऊन बसलाय असं एक मुखपृष्ठ होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं ते भिंतीवर लावलं होतं. त्याच्या घरी मांजरं पाळलेली होती.” दोन-तीन जणांनी माना डोलावल्या, त्यांनाही ते चित्र आठवत होतं. मग मोरीसान आईकडे वळले आणि बऱ्याच वर्षांत न वापरलेल्या, कडक इंग्रजीत त्यांनी विचारलं की मॅडम, मांजरांचं तुम्ही कुठे वाचलंत?

मला मध्ये येताच आलं नाही. आईला इंग्रजी येत होतं. ती प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली, “कॅट्स? नो, नो. मी मांजरांबद्दल कधीच काही बोलले नाही.” मोरीसाननी ते जपानीत सांगितलं. सभागृहातलं हसू थांबलं नाही, फक्त त्याचा सूर बदलला. जपानी माणसं कोणाला तोंडावर खोटं म्हणत नाहीत. ती आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागतात. तशी ती बघायला लागली.

आईनं माझी बाही ओढली. “मिलिंद, मांजराचं मी कधी बोलले रे?”

“मला काय माहीत,” मी म्हणालो. “त्यांनीच कुठलं तरी काहीतरी…”

आणि मोरीसाननी मला प्रेमानं विचारलं, “बाळ, भाषांतर तू करतोस ना?” तेव्हा मी जपानीत, स्वच्छ उच्चारात, इशिदासान ऐकत असताना म्हणालो, “आई जे बोलते तेच मी सांगतो.”

इशिदासाननी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कोडं सुटल्यावर माणूस कागदाकडे बघतो तसं. नेको, घरं, चपला, घोडा, सगळं त्या एका नजरेत त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. त्या कमरेतून वाकल्या. “चूक माझी आहे. दुसऱ्याच कोणाची गोष्ट मी साळवीसानच्या तोंडी घातली. हल्ली कान दगा देतात.” मग माझ्याकडे वळून, मुलांच्या नावाला लावतात तो ‘कुन’ लावून म्हणाल्या, “मिरिंदोकुन, आईला सांग हे. नीट सांग.”

मी सांगितलं. शब्दन् शब्द. त्या घरातल्या इतक्या दुपारींत मी केलेलं सर्वांत चोख भाषांतर ते होतं.

पुढच्या महिन्यापासून बोलायला मोरीसान. इशिदासान मागच्या खुर्चीवर बसून चहा वाटायच्या. आईला त्यांची फार कणव आली. “बिचारी. ह्या वयात कान गेले म्हणजे!” असं म्हणून ती त्यांच्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलायला लागली, आणि इशिदासान ते ऐकून घ्यायच्या, हात कानामागे धरूनसुद्धा. त्याहून वाईट म्हणजे आई त्यांच्या गोष्टींवर विश्वास ठेवीनाशी झाली. आजवर त्यांनी पुरी केलेली तिची फाटकी पानं तिच्या लेखी पुन्हा फाटली. “त्यांचं धरू नकोस रे, त्या ऐकतात काहीतरी नि सांगतात काहीतरी,” असं ती मला म्हणायची. मला!

इशिदासान मला एकदाच त्यावर बोलल्या. त्या जिना झाडत होत्या, मी वर चाललो होतो. झाडू न थांबवता म्हणाल्या, “शब्द अडला तर येत नाही म्हण. मी थांबेन.” एवढंच. आणि त्या खरंच थांबायला लागल्या. मी अडलो की संत्रं सोलत बसायच्या, शिरा एकेक करून काढायच्या, पण घाई करायच्या नाहीत. शब्दकोश विकत आणला त्यांनी, आपल्यासाठी म्हणून. त्यात घटस्फोट सापडला त्या दिवशी त्या किंचाळल्याच: “अगं बाई! म्हणजे ती घरं नव्हती!” मी आईला सांगितलं, की मला शब्द येत नव्हता म्हणून मी घर म्हणायचो. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “तरीच त्या मला झाडू मारायची खूण करून विचारायच्या, इतकी घरं झाडतं कोण!” घरांचं कबूल करता आलं, कारण ती चूक होती. मांजर ही चूक नव्हती.

आज मी टोकियोत, फुनाबोरीत राहतो. एदोगावा वॉर्डातल्या आपल्या भारतीय कुटुंबांबरोबर दवाखान्यांत दुभाषा म्हणून जातो. डॉक्टर एकीकडे, एखाद्याची नुकतीच भारतातून आलेली आई दुसरीकडे, मध्ये मी. शब्द अडला की म्हणतो, “थांबा, हा मला येत नाही, बघून सांगतो.” सुरुवातीला लोक दचकतात, मग त्यामुळेच विश्वास ठेवतात. माझी मुलगी मी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते आणि तिला मी म्हणतो, अडलं तर सांग, मी थांबेन. तिला वाटतं हे वाक्य माझं आहे. माझ्या पोटापाण्याचं, माझ्या स्वभावातलं जे काही बरं आहे ते एका बाईंनी जिना झाडता झाडता दिलं, तेही मी त्यांचं नाव घालवल्यानंतर. इतकं कोणी कोणाला देत नाही.

आई आता पुण्यात असते. तिच्या भिशीत ती अजून जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगते. भुवई स्वतःच्या चपला शिवायची, ही तिची हुकमी गोष्ट. “हे मला जपानमध्ये कळलं” असं वर सांगते. मी पुण्याला गेलो की शेजारी बसून सामोसा खातो. आणि इशिदासानचा विषय निघाला की म्हणते, “फार प्रेमळ हो. पण कानानं अधू. आपण एक म्हणावं, त्यांनी भलतंच ऐकावं.”

इशिदासानना मी शेवटचं भेटलो ते योकोहामाच्या एका वृद्धाश्रमात. नव्वदीला टेकल्या होत्या, खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत. मी दारातूनच हलक्या आवाजात “गोमेन कुदासाई” म्हणालो, आत येऊ का अशा अर्थी, आणि त्या इतक्या लांबून मान न वळवता म्हणाल्या, “मिरिंदोकुन.” मी माफी मागितली. जपानीत माफी मागायचे जितके प्रकार आहेत त्यांतला सर्वांत खालचा वापरला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, आईची चौकशी केली, तिच्या गुडघ्यांची केली. मग विचारलं, “आईला सांगितलंस ना?” मी म्हणालो, “हो.” त्या म्हणाल्या, “बरं झालं,” आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

ते खरं करणं अजून माझ्या हातात आहे. आई ऐंशीच्या घरात आहे, दर रविवारी फोनवर बोलते, आणि मी दर रविवारी तिच्या औषधांविषयी विचारून फोन ठेवतो. इशिदासाननी कधीही चुकीचं ऐकलं नाही, चुकीचं सांगणारा मी होतो, एवढं एक वाक्य मी माझ्या आईचं देणं लागतो.